काजूची भट्टी

गोव्यात काजूच्या बोंडांपासून हुर्राक आणि फेणी या दारू गाळण्याची पारंपरिक मांडणी म्हणजे काजूची भट्टी, कोकणीत भाटी. ही मांडणी जिथे उभी असते त्या झापाच्या मांडवालाही भट्टीच म्हणतात. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे एवढाच, म्हणून भट्टीही तेवढेच दिवस पेटते. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर काजूच्या बागांना लागूनच भट्ट्या लागतात, कारण गळून पडलेले बोंड दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले.

मांडणी वरवर साधी दिसते. जांभ्या दगडाच्या चुलाणावर पोटाला मोठे आणि तोंडाला निमुळते भांडे बसवलेले असते, त्याला भाण म्हणतात. भाणाच्या गळ्यातून एक नळी तिरकी निघते आणि थोड्या अंतरावर पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या मडक्यात उतरते. भाणात आंबलेला रस उकळतो, वाफ नळीतून दुसऱ्या मडक्यात जाते, तिथे गार होऊन तिचे पाणी होते आणि तीच दारू. पूर्वी भाण मातीचे असे, नळी लाकडाची किंवा बांबूची, आणि दुसरे मडके गार राहावे म्हणून एक माणूस त्याच्यावर सतत पाणी ओतत बसे. आता भाण तांब्याचे असते आणि मडक्याच्या जागी तांब्याच्या नळीचे वेटोळे पाण्याच्या टाकीतून फिरवलेले असते. त्यामुळे पाणी ओतणारा माणूस मोकळा झाला आणि वाया जाणारी वाफही कमी झाली.

ही रचना गोव्यापुरती नाही. आजच्या पाकिस्तानातल्या तक्षशिला आणि चारसद्दा परिसरातल्या उत्खननांत सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून प्राचीन गांधारातल्या ऊर्ध्वपातन (द्रवाची वाफ करून ती पुन्हा गार करण्याच्या) यंत्राची जी जुळणी अभ्यासकांनी केली, तिच्यातही वाफ नळीतून पाण्यात ठेवलेल्या भांड्यात जाऊन तिथेच गार होते. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथातले तिर्यक्पातन यंत्र याच घाटाचे आहे. त्यात पारा शुद्ध करत. कनौजचे अत्तरवाले आजही तांब्याचे डेग (उकळण्याचे भांडे), बांबूची नळी आणि पाण्यात बुडवलेला भपका (वाफ गोळा करणारे भांडे) घेऊन गुलाबाचे अत्तर काढतात. काजूची भट्टी याच जुन्या घराण्यातली आहे, आणि ब्राझीलहून आलेल्या फळाला या मातीतल्या यंत्राने आपलेसे करून घेतले, ही गोव्याच्या इतिहासातली फार सुंदर गोष्ट आहे.

बोंडांतून बी पिळून बाजूला काढली की बोंडे कातळात कोरलेल्या कुंडीत टाकून पायांनी तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी लाकडी पिंजऱ्याच्या दाबयंत्राने रस काढतात. तुडवून उरलेल्या चोथ्याची ढेप बांधून वर वजन ठेवले की जो निवळ, गोड रस ठिबकतो तो नीरो. तो थंड करून तसाच पितात. तुडवून निघालेला पहिला रस रांजणात साधारण तीन दिवस आंबवतात. त्यात वेगळे यीस्ट किंवा साखर घालत नाहीत. फळाच्या सालीवर आणि हवेत असलेले यीस्ट पुरते. आंबलेला रस एकदा गाळला की हुर्राक मिळतो. त्यात मद्यार्क सुमारे १५ टक्के असतो, तो टिकत नाही आणि हंगामातच संपतो. हुर्राक पुन्हा गाळला की फेणी, ४२ ते ४५ टक्क्यांची. जुने भट्टीवाले तिचा कडकपणा ‘ग्राव’ या पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या मापात सांगतात. आणि कडकपणा मोजायची मापी हाताशी नसेल तर पेल्यात उंचावरून ओतून वर धरणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघतात.

भट्टीचा खरा कस तिच्या सामानात लागतो. तांबे उष्णता झपाट्याने पसरवते, त्यामुळे तळाला रस करपत नाही. पण त्याचे मोठे काम वेगळेच आहे. आंबताना गंधकाची संयुगे तयार होतात आणि त्यांना कुजक्या अंड्यासारखा वास असतो. गरम वाफ तांब्याला लागून जाते तेव्हा ही संयुगे तांब्याशी जोडली जाऊन मागे राहतात आणि दारू स्वच्छ उतरते. स्टेनलेस स्टीलचे भांडे आरोग्याला सुरक्षित असते, पण हे काम ते करत नाही. म्हणून स्टीलच्या भट्टीतही वाफेच्या वाटेवर कुठेतरी तांबे ठेवावे लागते. तांब्यावर आंबट रसाने हिरवा जंग चढतो आणि तो विषारी असतो. त्यासाठी भाण आतून चिंचेने घासून, पाण्याने खळखळून धुतल्याशिवाय नवा घाणा चढवू नये.

अॅल्युमिनियम आंबट रसात झिजते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्र्याचा डबा तर या कामाला मुळीच चालत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या नळीतून मद्याची गरम वाफ नेली तर प्लॅस्टिकमधली द्रव्ये तिच्यात उतरतात. मात्र सर्वांत घातक शिसे. जुन्या झाळकामात, म्हणजे धातूचे सांधे जोडताना, शिसे आणि कथिलाचे मिश्रण वापरत, आणि आंबलेल्या रसातले अॅसिटिक आम्ल शिसे सहज विरघळवते. हा धोका फार पूर्वीच ओळखला गेला होता: अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १७२३ मध्ये रम गाळण्याच्या यंत्रांत शिशाची टोपणे आणि नळ्या वापरायला कायद्याने बंदी केली. तरीही विसाव्या शतकात तिथल्या चोरट्या भट्ट्यांत मोटारींचे जुने रेडिएटर वाफ गार करायला जोडले जात, आणि त्यांच्या झाळीतले शिसे पिणाऱ्यांच्या रक्तात जाई. शिशाने नसा आणि मूत्रपिंडे बिघडतात, आणि ते शरीरात साठत जाते. तांब्याच्या भाणाचा सांधा चांदीमिश्रित किंवा बिनशिशाच्या झाळीनेच जोडलेला असावा. तांबटाला हे विचारून घेणे, ही स्वस्त आणि महाग भट्टीतल्या फरकापेक्षा कितीतरी महत्त्वाची बाब आहे.

भाणाच्या तोंडाचा आणि नळीचा सांधा कापड आणि चिकणमातीने लिंपतात. या लिंपणाला पैसे पडत नाहीत आणि त्याच्याइतके शहाणे झाकण दुसरे नाही: आत दाब वाढला तर माती आधी तडकते, भाण फुटत नाही. तडकलेल्या भेगेतून मद्याची वाफ निघू लागली की वास लगेच येतो, आणि चुलाणातला जाळ जवळच असल्याने आधी जाळ ओढून घेऊन मगच भेग बुजवावी लागते. नळीचे दुसरे टोक मात्र कधीच बंद करायचे नसते.

विषारी दारूची भीती भट्टीच्या नावाने नेहमी निघते, तिचे नीट वर्णन करायला हवे. फळातल्या पेक्टिनपासून आंबताना थोडे मेथॅनॉल तयार होते. ते ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते आणि मद्यार्क ७८.४ अंशांना, म्हणून पहिली धार टाकून दिली की सगळे मेथॅनॉल गेले, अशी समजूत आहे. तसे होत नाही; ते शेवटपर्यंत थोडेथोडे येत राहते. पहिली धार टाकायची ती तिच्यातल्या अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेट यांच्या उग्र वासामुळे. फळांच्या रसातून येणारे मेथॅनॉल माणूस मारण्याइतके नसते. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली ती विकल्या गेलेल्या दारूत कारखान्यातले मेथॅनॉल होते म्हणून.

गोव्यात भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतो, आणि काजूच्या विभागांचा, म्हणजे ठरावीक भागात काजूची दारू गाळण्याच्या हक्काचा, लिलाव दरवर्षी होतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, होणारी फेणी त्यात येत नाही. २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला देशी दारूच्या वर्गातून काढून राज्याचे वारसा पेय ठरवले.

सीमेपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले इथेही काजू तितकाच पिकतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती कोकणभर लागल्या आहेत. पण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी दारू गाळणे गुन्हा आहे, मग ती स्वतःच्या पिण्यापुरती का असेना. त्यामुळे सिंधुदुर्गात बी काढून घेतल्यावर बोंडांचा मोठा भाग झाडाखालीच कुजतो. ज्यांना ऊर्ध्वपातनाची कलाच शिकायची आहे, त्यांना तांब्याच्या अशाच छोट्या मांडणीवर गवती चहाचे किंवा वाळ्याचे तेल, गुलाबपाणी काढता येते. सामानाचे सगळे नियम तिथेही हेच.