वारा गोळीला नेमका कुठे पकडतो?

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. १८७६ साली न्यू यॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर रायफल नेमबाजीचा पहिला पालमा सामना झाला, तेव्हापासून ८००, ९०० आणि १,००० यार्ड ही अंतरे लांब पल्ल्याच्या नेमबाजीत रुळली आहेत. हजार यार्डांच्या अमेरिकी लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ५० सेंटिमीटर व्यासाचे असते.

सेकंदाला ९०० मीटर वेगाने सुटलेली गोळी तिथे पोचायला साधारण दीड सेकंद घेते. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून दहाएक मीटर खाली आलेली असते. आकडा मोठा वाटतो, पण अनुभवी नेमबाजाची झोप त्याने उडत नाही. अंतर ठरलेले असते, गोळीचा वेग आधी मोजलेला असतो आणि गुरुत्वाकर्षण मध्येच बदलत नाही. हिशोब करायचा आणि नेम धरायच्या साइटची कळ तेवढी फिरवायची. नळीतल्या पीळदार खोबणींमुळे गोळी सेकंदाला सुमारे ३,००० फेरे घेत जाते आणि त्यापायी किंचित एका बाजूला सरकते. पृथ्वीच्या फिरण्यानेही काही सेंटिमीटरचा फरक पडतो. हे दोन्ही परिणामही हिशोबात बसतात.

वारा मात्र हिशोबात बसत नाही.

आडवा वारा गोळीच्या कुशीवर आदळतो आणि तिला ढकलत नेतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात घडते ते याहून फार सुंदर आहे. डावीकडून वारा आला की फिरती गोळी आपले टोक अगदी किंचित, अर्ध्या अंशाहूनही कमी, डावीकडे वळवते, म्हणजे हवा जिकडून येताना तिला 'जाणवते' त्या दिशेला. हवेचा रोध आता गोळीच्या अक्षाला धरून मागे ओढतो, पण अक्षच तिरका झाल्यामुळे त्या ओढीचा छोटासा वाटा उजवीकडे पडतो. गोळी सरकते ती या वाट्यामुळे. याचाच अर्थ असा की रोध नसता, तर आडव्या वाऱ्यात गोळी सरकलीच नसती!

म्हणून वाऱ्याचा हिशोब गोळीच्या पूर्ण प्रवासकाळावर करत नाहीत. तो तिला झालेल्या उशिरावर करतात. वेग जराही न घटता गोळी गेली असती, तर ९१४ मीटरला एक सेकंद पुरला असता. लागला दीड. हा अर्ध्या सेकंदाचा उशीर वाऱ्याच्या वेगाने गुणला की सरक मिळते: सेकंदाला ४ मीटरच्या वाऱ्यात २ मीटर. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला अर्ध्या मीटरने चुकला, तर २५ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे गोळी थेट दहाच्या वर्तुळाच्या कडेवर. अर्ध्या मीटरचा वारा चेहऱ्याला जाणवतसुद्धा नाही.

याच नियमातून एक कोडे सुटते. पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची लहान गोळीच्या रायफलच्या वेगवान काडतुसाची गोळी १०० यार्डांवर मंद काडतुसाच्या गोळीपेक्षा वाऱ्यात जास्त सरकते. ध्वनीच्या वेगाच्या थोडे वर हवेचा रोध एकदम वाढतो. वेगवान गोळी लवकर पोचते खरी, पण स्वतःच्या सुरुवातीच्या वेगाच्या मानाने तिला उशीर अधिक होतो. लक्ष्यवेधाची बहुतेक चांगली काडतुसे ध्वनीपेक्षा मंद ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. लांब पल्ल्याला मात्र उलट वाट धरावी लागते: लांबट, निमुळत्या, जड गोळ्या वापरायच्या, कारण त्यांचा वेग हळूहळू घटतो.

एवढे करूनही वारा वाचावा लागतोच, आणि माझ्या मते या खेळातली खरी विद्या तीच. मैदानावर वारा दाखवणारी निशाणे, म्हणजे झेंडे, लावलेली असतात, पण हलक्या वाऱ्यात ती लोंबकळत राहतात. तेव्हा उपयोगी पडते तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर. नेमबाज दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणतो आणि त्या लहरी कोणत्या बाजूला, किती तिरक्या वाहतात ते पाहतो. लहरी सरळ वर उकळताना दिसल्या, तर एक तर वारा पडला आहे किंवा तो नेमाच्या रेषेतूनच येतो आहे. जाणकार अशा वेळी बहुधा थांबतात, कारण ही स्थिती क्षणात पालटते आणि वारा विरुद्ध बाजूने सुरू होऊ शकतो. वारा जोरात वाहू लागला की लहरी सपाट होऊन त्यांतला फरक कळेनासा होतो. मग पुन्हा निशाणांकडे वळायचे, आणि त्यांतही आपल्या जवळच्यांकडे विशेष लक्ष द्यायचे: सुरुवातीलाच वळलेली गोळी उरलेले सगळे अंतर त्याच कोनात दूर जात राहते.