आयटीआय वेल्डर ट्रेड : ॲडमिशन, कागदपत्रं आणि पुढची टेस्ट

ज्यांना ठरलेल्या पद्धतीने, लिहिलंय तसंच काम करायला आवडतं त्यांनी वेल्डिंगचा विचार नक्की करा. चांगल्या कंपनीत जॉइंट मारायच्या आधी डब्ल्यूपीएस म्हणजे वेल्डिंग कसं करायचं याचा लेखी कागद हातात मिळतो, रॉड कुठला, करंट किती, प्रीहीट (वेल्डच्या आधी धातू तापवणं) किती सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि ते काटेकोर पाळणारा माणूसच तिथे टिकतो.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, वय किमान १४ पूर्ण पाहिजे, वरची अट नाही. दहावी नापास असाल तरी या ट्रेडला चालतं, त्यामुळे गणितात राहिलेल्या मुलांनी घरी बसू नका प्लीज. गॅस कटिंग, आर्क, मिग, टिग हे वेल्डिंगचे प्रकार, प्लाझ्मा कटिंग सगळं यातच शिकवतात.

महाराष्ट्रात अर्ज डीव्हीईटीच्या (व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय) ॲडमिशन पोर्टलवर ऑनलाइन, दहावीच्या निकालाच्या आसपास सुरू होतो. आता नीट ऐका, नुसता फॉर्म भरून फी भरली म्हणजे झालं असं नाही, जवळच्या आयटीआयमध्ये ओरिजिनल कागद दाखवून अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो, तो केला नाही तर मेरिट लिस्टमध्ये नावच येत नाही, आणि दरवर्षी पोरं इथेच अडकतात. मग विकल्प भरायचे. एक नंबरला तोच ट्रेड आणि तीच आयटीआय टाका जिथे खरंच जायचंय, कारण पहिला विकल्प मिळाला आणि घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांमधून बाहेर.

कागदं म्हणजे दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाईल, आरक्षण असेल तर जातीचा दाखला आणि लागू असेल त्यांना नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरला तहसीलमध्ये वेळ लागतो, निकालाची वाट न बघता आधीच टाका. दाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर तेही आत्ताच दुरुस्त करा.

पास झालात की नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळतं, पण लगेच गावातल्या ग्रिलच्या दुकानात न जाता अप्रेंटिसशिप करा. सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर रजिस्टर करायचं, रेल्वे, माझगाव डॉक अशा ठिकाणी वेल्डर अप्रेंटिस घेतात आणि स्टायपेंड पण मिळतो.

खरा पगार वाढतो तो क्वालिफिकेशन टेस्टनंतर, म्हणजे तुमचं वेल्ड तपासून पात्र ठरवणाऱ्या परीक्षेनंतर. पाइपवाल्यांसाठी ६जी, म्हणजे पाइप ४५ अंशात तिरका फिक्स, तो फिरवायचा नाही, आपणच भोवती फिरून वेल्ड करायचं, मग त्याची बेंड टेस्ट (तुकडा वाकवून बघणं) किंवा एक्स-रे. बॉयलरच्या कामाला आयबीआरप्रमाणे (भारतीय बॉयलर नियम) वेगळी परीक्षा, ती महाराष्ट्रात बाष्पके संचालनालयाकडे असते. आणि एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरिंग संस्थेच्या नियमात ज्या प्रोसेसवर (आर्क, टिग वगैरे) पास झालात ती सलग सहा महिने वापरली नाही तर पात्रता जाते, म्हणून कंपनी सोडताना केलेल्या कामाच्या रेकॉर्डची कॉपी मागून घ्या, नवीन कंपनी बहुतेकदा स्वतःची टेस्ट परत घेते तरी इंटरव्ह्यूला तो कागद उपयोगी पडतो.