अश्रूंची साक्ष: प्रेमभंगाच्या म्युझिक व्हिडिओमागचा इतिहास

प्रेमभंगाचं गाणं हा एकतर्फी चाललेला खटला असतो. सोडून गेलेली व्यक्ती हजर नसते, तरी सगळं बोलणं तिलाच उद्देशून चालतं. ऐकायला आणि निवाडा करायला मात्र बसलेले असतो आपण, ज्यांचा त्या दोघांशी काडीचाही संबंध नाही. गायक किंवा गायिका खोटं रडत नाही, हे चार मिनिटांत आपल्याला पटलं तरच व्हिडिओ जमला. पटवून देण्याचं हे काम वक्तृत्वशास्त्राचं. एमटीव्ही ही संगीतवाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली, पण तिच्यावर झळकलेल्या विरहगीतांच्या युक्त्या दोन हजार वर्षांपेक्षा जुन्या आहेत.

अ‍ॅरिस्टॉटलनं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात पटवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या मनात जागवलेली भावना आणि युक्तिवाद. ही त्रयी सर्वांना ठाऊक असते. त्याच ग्रंथात त्यानं केलेला आणखी एक भेद मला इथे जास्त महत्त्वाचा वाटतो. काही पुरावे वक्ता आपल्या कौशल्यानं घडवतो आणि काही त्याला आयते मिळतात, जसे साक्षीदार किंवा लेखी करार. विरहगीताची सगळी धडपड इथेच आहे. त्यातला पुरावा घडवलेला असतो, पण तो आयता वाटावा लागतो.

हे ओव्हिडनं अचूक ओळखलं होतं. या रोमन कवीचं शिक्षण वक्तृत्वाचं. त्याच्या 'हेरॉइडीझ'मध्ये पुराणकथांतल्या स्त्रिया दूर गेलेल्या प्रियकरांना पत्रं लिहितात. ग्रीक वीर अकिलीसला लिहिताना ब्रिसिइस सुरुवातीलाच सांगते की या पत्रात जिथे जिथे शाई फिसकटलेली दिसेल, ते डाग माझ्या आसवांचे आहेत. शब्द खोटे असू शकतात, डाग कसा खोटा असेल? एका ओळीत कवीनं कागदालाच साक्षीदार केलं. याच संग्रहातलं दहावं पत्र अ‍ॅरियाडनीचं आहे. तिचा प्रियकर थिसियस तिला बेटावर झोपेत सोडून निघून गेला.

हीच अ‍ॅरियाडनी १६०८ साली इटलीतल्या मान्टुआच्या रंगमंचावर उभी राहिली. संगीतकार माँटेवर्दीचा तो ऑपेरा हरवला, उरला फक्त तिचा विलाप. त्यात ती थिसियसवर शापांचा भडिमार करते, वादळांना आणि समुद्रातल्या राक्षसांना त्याच्यावर धाडते, आणि लगेच स्वतःला आवरते: हे मी बोलले नाही, माझं दुःख बोललं. उच्चारलेलं वाक्य मागे घेणं हा वक्तृत्वातला जुना अलंकार. वाक्य मागे घेतलं तरी ऐकणाऱ्याच्या कानातून ते जात नाही, आणि वर बोलणाऱ्याचं प्रेमही शाबीत होतं. त्या प्रयोगाच्या समकालीन वृत्तांतात नोंद आहे की हा विलाप ऐकून डोळ्यांत पाणी न आलेली एकही स्त्री प्रेक्षागारात नव्हती. पॉप गाण्यातल्या कडव्यात राग आणि धृपदात 'तरीही' असतं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

पडद्यावरचा पहिला ठळक टप्पा १९२९ चा. डडली मर्फीनं दिग्दर्शित केलेल्या 'सेंट लुइस ब्लूज' या दोन रिळांच्या लघुपटात ब्लूज गायिका बेसी स्मिथ गायली. चित्रफितीवर ती फक्त याच एका ठिकाणी दिसते. प्रियकर तिला ढकलून निघून जातो आणि गाणं जमिनीवर पडल्या जागी सुरू होतं. पुढे ती मद्यगृहात गाते तेव्हा भोवतालची माणसं सुरात सूर मिसळतात. दुःखाला साक्षीदार मिळाले, तेही चौकटीच्या आतच.

पुढची काही दशकं मी वेगानं ओलांडतो, कारण नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांवर दिसणाऱ्या छोट्या गाणेपटांत उत्साह जास्त आणि विरह कमी होता. सत्तरच्या दशकात अ‍ॅबा या स्वीडिश पॉप गटासाठी लासे हॉलस्ट्रॉमनं केलेल्या चित्रफितींनी चेहऱ्याला बोलकं केलं. १९७७ च्या 'नोइंग मी, नोइंग यू'मध्ये एक चेहरा समोरून आणि दुसरा बाजूनं, अगदी खेटून दिसतात. अंतर इतकं कमी आणि नजर मात्र भिडत नाही. १९८० च्या 'द विनर टेक्स इट ऑल'मध्ये तर वक्त्याची विश्वासार्हताच पणाला लागली. गटातल्या ब्यॉर्न आणि आग्नेथा या जोडप्याचा घटस्फोट त्याच वर्षीचा. शब्द त्याचे, गायली ती. आपलीच कहाणी त्यात नाही, असं ब्यॉर्न सांगत राहिला, तरी प्रेक्षकांनी आपला निवाडा केव्हाच देऊन टाकला होता.

मग १९९० आलं आणि आयरिश गायिका शिनेड ओकॉनरचं 'नथिंग कम्पेअर्स टू यू'. गाणं अमेरिकी गायक प्रिन्सचं, द फॅमिली या त्याच्या गटानं १९८५ साली ते आधी ध्वनिमुद्रित केलं होतं. जॉन मेबरीनं दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत पॅरिसजवळच्या साँ-क्लू उद्यानात तिचं एकटीचं चालणं अधूनमधून येतं, बाकी जवळपास सगळा वेळ काळी पार्श्वभूमी आणि तिचा चेहरा. डोकं भादरलेलं, काळा गळाबंद पोशाख, आडोसा म्हणून काहीही नाही. रोमन वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन म्हणतो की वक्त्याच्या साऱ्या हालचालींत चेहऱ्याची सत्ता सर्वांत मोठी. इथे चेहऱ्याखेरीज काही ठेवलेलंच नाही. ती सरळ कॅमेऱ्यात पाहते, म्हणजे सोडून गेलेल्या 'तू'च्या जागी आपल्याला बसवते. आपण एकाच वेळी आरोपीही होतो आणि न्यायाधीशही.

गाण्याच्या उत्तरार्धात, 'आई, तू परसात लावलेली फुलं वाळून गेली' अशा अर्थाची ओळ येते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळतं. मूळ ओळीतली 'आई' ही प्रेयसीला लाडानं मारलेली हाक आहे. शिनेडची आई मात्र १९८५ साली अपघातात गेली होती, आणि ती ओळ आली की आपल्याला आईच आठवते, असं तिनं स्वतः सांगितलं आहे. म्हणजे अश्रू खरा, पण तो वेगळ्याच दुःखाचा.

यात फसवणूक आहे का? मला अजिबात तसं वाटत नाही. ऑलस गेलियस या रोमन लेखकानं पोलस नावाच्या ग्रीक नटाची हकीकत नोंदवली आहे. 'इलेक्ट्रा' नाटकात भावाच्या अस्थींचा कलश हातात घेऊन विलाप करायचा होता. पोलसचा मुलगा नुकताच वारला होता. त्यानं थडग्यातून मुलाच्या अस्थींचा कलश आणला आणि तो कवटाळून तो प्रवेश केला. श्रोत्याला हलवायचं तर आधी स्वतः हलायला हवं, हे क्विंटिलियननंही लिहून ठेवलं. आपल्याकडे नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक मानला आहे. मन एकाग्र झाल्याशिवाय तो नटाला साधत नाही, असं भरतमुनी सांगतात. तेच विप्रलंभ (विरहातला शृंगार) आणि करुण या रसांत फरक करतात: विप्रलंभात पुन्हा भेटीची आशा शिल्लक असते, करुणात ती संपलेली असते. शिनेडच्या चेहऱ्यावर एका ओळीत विप्रलंभाचा करुण होतो. रुसून गेलेलं माणूस परत येऊ शकतं, आई येणार नाही. त्या वर्षी एमटीव्हीचा सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा पुरस्कार तिला मिळाला, हा तपशील या एका क्षणापुढे मला किरकोळ वाटतो.

पुरावा गाजला की त्याची नक्कल होते आणि नकलेनं तो झिजतो. गायिका मायली सायरसनं २०१३ च्या 'रेकिंग बॉल'मध्ये कॅमेऱ्यात रोखून पाहत रडताना याच व्हिडिओची प्रेरणा मान्य केली, पण तोवर असा जवळून टिपलेला अश्रू हा संकेत बनला होता. त्याआधीच इतरांनी वेगळ्या वाटा शोधल्या होत्या. १९९७ च्या 'टॉर्न'मध्ये दिग्दर्शिका अ‍ॅलिसन मॅक्लीननं गायिका नटाली इम्ब्रुलियाभोवतीचं घर हा सेट असल्याचं उघडच दाखवलं. शेवटी कामगार भिंती उतरवतात आणि ती नाचत राहते. सगळं बनावट आहे अशी कबुली आधीच दिली की उरलेलं माणूस खरं वाटतं. कोल्डप्ले या गटाच्या 'द सायंटिस्ट'मध्ये (२००२) दिग्दर्शक जेमी थ्रेव्झनं काळ उलटा फिरवला. गायक क्रिस मार्टिन त्यासाठी गाणं उलट्या क्रमानं म्हणायला शिकला. परिणाम आधी दिसतो, कारण असलेला मोटारीचा अपघात शेवटाकडे. 'पुन्हा सुरुवातीला जाऊ' ही विनवणी शब्दांत करायची, ती इथे चित्रफीतच करते, आणि ते वास्तवात अशक्य असल्यानं जास्त बोचते.

तरीही प्रतिवादी गैरहजरच होता. त्याला बोलावलं गायक गोत्येच्या 'समबडी दॅट आय यूज्ड टू नो'नं, २०११ साली. नताशा पिंकसच्या या व्हिडिओत गोत्ये उघड्या अंगानं भिंतीसमोर उभा आहे. भिंतीवरचे रंगीत भौमितिक आकार त्याच्या वडिलांच्या जुन्या चित्रावरून घेतलेले. तो तक्रार करत जातो तसतसे ते आकार हळूहळू त्याच्या त्वचेवर चढतात. आपण त्याच्या बाजूनं झुकतो. अर्ध्याहून अधिक गाणं झाल्यावर भिंतीतूनच गायिका किंब्रा वळते, तीही तशीच रंगवलेली, आणि आपली बाजू मांडते: चूक माझीच आहे असं तू मला किती वेळा वाटायला लावलंस. ती जवळ येऊन त्याच्या कानाशी गाते, तो समोरच पाहत राहतो. ती मागे सरते तेव्हा तिच्या अंगावरचा रंग उतरत जातो, त्याच्या अंगावर तो तसाच राहतो. कोण मोकळं झालं आणि कोण त्या नात्याच्या चित्रात अडकून पडलं, याचा निर्णय शब्दांनी दिलेला नाही, रंगानं दिला आहे. दृश्य रूपकाचं याहून नेमकं उदाहरण मी पॉप व्हिडिओत पाहिलेलं नाही. उत्तराची कल्पना मात्र जुनी आहे. ओव्हिडच्या हयातीतच सबायनस नावाच्या त्याच्या मित्रानं युलिसीस, इनिअस अशा पुरुषांच्या वतीनं त्या पत्रांना उत्तरं लिहिली होती.

गायिका बियॉन्सेनं २३ एप्रिल २०१६ रोजी एचबीओ वाहिनीवर आणलेल्या 'लेमोनेड' या दृश्य-अल्बमनं खटला तासाभराचा केला. अंतःप्रेरणेपासून नकार, संताप, रितेपण आणि पुढे क्षमेपर्यंत अकरा प्रकरणं, मधून कवयित्री वॉर्सन शायरच्या कविता. भाषणाची मांडणी कशी असावी, याचा प्राचीन आचार्यांनी जितका विचार केला तितकाच इथेही दिसतो. 'सँडकॅसल्स' या गाण्यात तिचा पती, रॅपर जे-झी, स्वतः चौकटीत येतो. तो बोलत नाही, पण अ‍ॅरियाडनीला न मिळालेली गोष्ट इथे घडली: आरोपी साक्षीला हजर झाला. पुढे ट्रेव्हॉन मार्टिन, मायकल ब्राउन आणि एरिक गार्नर या मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या आया मुलांची छायाचित्रं हातात धरून बसलेल्या दिसतात. एका लग्नातला विश्वासघात आणि एका समाजाचा झालेला विश्वासघात शेजारी ठेवल्यावर 'तू' म्हणजे कोण, हा प्रश्नच मोठा होतो. त्यातल्या नवऱ्याचं उत्तर १४ महिन्यांनी आलं: जून २०१७ मधला जे-झीचा '४:४४' हा अल्बम. त्याच्या शीर्षकगीतात त्यानं पत्नीची उघड माफी मागितली.