नागीण नव्हे, पेम्फिगस. तरी संशय विषाणूवरच

पेम्फिगस हा तोंडात आणि कातडीवर फोड उठवणारा आजार बऱ्याचदा तोंडातून सुरू होतो. पुण्यातल्या घरांत त्याला आधी ‘तोंड आलंय’ म्हणतात आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर महिने निघून जातात. मग छाती-पाठीवर फोड उठले की कुणीतरी ठामपणे सांगतं, नागीण आहे. नागीण विषाणूमुळे होते; पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते. निदान म्हणून हा घरगुती अंदाज चुकतो. पण विषाणूचा संशय डॉक्टरांनाही पूर्वीपासून आहे.

१७९१ मध्ये विखमान या जर्मन डॉक्टरांनी आज ज्याला पेम्फिगस म्हणतात त्याचं नीट वर्णन केलं. कारण मात्र कुणाला कळेना. १९३० च्या दशकात फोडातलं पाणी प्राण्यांना टोचून विषाणू शोधण्याचे प्रयत्न झाले. ठोस काही हाती लागलं नाही.

१९४७ मध्ये पॅरिसच्या आर्नो त्झांक यांनी साधी युक्ती रूढ केली. फोडाचा तळ हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पसरायचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पेम्फिगस असेल तर एकमेकींपासून सुटलेल्या गोल पेशी दिसतात, हर्पिस (विषाणूमुळे फोड येणारा आजार; नागीणही त्याच कुळातली) असेल तर अनेक केंद्रकांच्या थोराड पेशी. दोन आजारांत फरक करणारी ही चाचणी इतकी स्वस्त आहे की तिचा विसर पडावा याचं नवल वाटतं.

१९६४ मध्ये बॉयट्नर आणि जॉर्डन यांना रुग्णांच्या रक्तात त्वचेच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडली. पुढे १९९१ मध्ये त्यांचं लक्ष्यही कळलं: पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं डेस्मोग्लीन-३ हे प्रथिन. विषाणूची फाईल जवळपास बंद झाली.

ती पुन्हा उघडली विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआरने. कोविडमुळे पुणेकरांना तोंडपाठ झालेली हीच ती चाचणी. १९९० च्या दशकात काही रुग्णांच्या जखमांत हर्पिसचा डीएनए मिळाला. पण तो आधीपासून होता, की पेम्फिगसवर दिलेल्या स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबल्यावर उघड्या जखमेत शिरला? दुसरी शक्यता मला जास्त पटते. तोंडाच्या हर्पिसचा विषाणू जगातल्या निम्म्याहून अधिक लोकांत असतो, पेम्फिगस मात्र दुर्मीळ. एकट्या विषाणूने हे होत असतं, तर घरटी एक रुग्ण निघाला असता. त्यासाठी विशिष्ट एचएलए जनुकांचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचा, कलही लागतो.

तरी विषाणूला पूर्ण निर्दोष म्हणता येत नाही. हर्पिसमुळे मेंदूज्वर झालेल्या काहींमध्ये नंतर मेंदूच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, हे आता माहीत आहे. संसर्गात पेशी फुटतात, एरवी आड असलेली प्रथिनं उघडी पडतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजते. त्वचेतही असं घडू शकतं, निदान दबलेला आजार उसळवण्यापुरतं तरी.

रुग्णाच्या दृष्टीने मुद्दा व्यवहाराचा आहे. पुरेसं औषध चालू असूनही जखम भरत नसेल, तर स्टेरॉइडचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारावं: हर्पिस तपासलंय का? कधी कधी तिथे असायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाची गरज असते आणि हर्पिस शोधायला बऱ्याचदा त्झांकची काचपट्टीही पुरते.