गंधकाचे आठ, ऑक्सिजनचे दोन

चिकोडी-अथणी भागात गाळप सुरू झालं की साखर कारखान्यांत गंधकाची पोती उतरतात. साखर पांढरी व्हावी म्हणून गंधक जाळून त्याचा वायू उसाच्या रसात सोडतात. शाळेच्या वहीत हीच क्रिया अशी असते: एस + ओ२ → एसओ२. एखादं चुणचुणीत पोर विचारतंच, ऑक्सिजनला दोनाचा आकडा, मग गंधकाला का नाही? "गंधक घन आहे म्हणून," असं सांगून पुष्कळदा त्याला गप्प करतात. ते चूक आहे. पिवळ्या गंधकाच्या ढेकळात सुटे अणू नसतातच. आठ-आठ अणूंची मुकुटासारखी कडी असते, म्हणून खरं सूत्र एस८. आकडेमोड सुटसुटीत राहावी म्हणून नुसतं एस लिहायचा प्रघात आहे, एवढंच.

आवर्तसारणीच्या एकाच गटातली ही दोन मूलद्रव्यं इतकी वेगळी का? सगळा हिशेब बंधांचा, म्हणजे अणूंना एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या दुव्यांचा. कड्यात प्रत्येक अणू दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना धरतो, म्हणजे दर दोन अणूंमागे दोन एकेरी बंध पडतात. जोडीत दोघांमध्ये एकच, पण दुहेरी बंध. ऑक्सिजनचा एकेरी बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रसायनशास्त्रात अणू-रेणू मोजायचं एकक) सुमारे १४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. दोन बंधांचे झाले २९०. दुहेरी बंधाला मात्र ४९८. जे तोडायला जास्त ऊर्जा लागते तेच टिकतं, म्हणून ऑक्सिजन जोडीनं राहतो. गंधकाचा एकेरी बंध सुमारे २६५ चा, दोनाचे ५३०, आणि दुहेरी फक्त ४२५ च्या आसपास. इथे कडं जिंकतं. गंधकाचा अणू मोठा. दोन अणू पुरेसे जवळ येत नाहीत, त्यामुळे दुहेरी बंधासाठी इलेक्ट्रॉनांचे ढग नीट मिसळत नाहीत. उलट ऑक्सिजनचे अणू इतके लहान की एकेरी बंधात त्यांच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना ढकलतात आणि बंध लेचापेचा होतो.

ही कडी असल्याचा पुरावा तापवल्यावर मिळतो. ११५ ते १२० अंशांना गंधक वितळून पातळ, पिवळं होतं. १५९ अंशांच्या पुढे कडी तुटतात, तुटकी टोकं एकमेकांना जुळून हजारो अणूंच्या साखळ्या बनतात आणि तोच द्रव लालसर, इतका घट्ट होतो की भांडं कलंडलं तरी सांडत नाही. तापवल्यावर घट्ट होणारा द्रव! म्हणूनच नळांतून वितळलेलं गंधक न्यायचं तर तापमान १५० च्या खालीच ठेवतात. आणखी तापवून, उकळीच्या सुमारास ते गार पाण्यात ओतलं तर रबरासारखं ताणलं जातं, आणि काही दिवसांत आपोआप पुन्हा ठिसूळ, पिवळं एस८. घरी करू नका, धूर वाईट असतो.

ऑक्सिजनचं तीन अणूंचंही रूप आहे, ओझोन. पिंपळ रात्री ओझोन सोडतो, पहाटे पारावर बसा, असे मेसेज अधूनमधून फिरतात. खरंच सोडत असता तर पारावरची मंडळी खोकत उठली असती. जमिनीलगत ओझोन फुप्फुसांना त्रासदायकच. रात्री पिंपळ ऑक्सिजनही देत नाही, त्याला उजेड लागतो.

बाकीच्या मूलद्रव्यांचंही रूप असंच ज्याचं त्याचं: नायट्रोजन एन२, पांढरा फॉस्फरस पी४, हेलियम एकटाच. कार्बन आणि लोखंडाला तर मोजता येईल असा रेणूच नाही, तिथे नुसती संज्ञा लिहिणंच बरोबर. पण संज्ञा एक म्हणून रूपही एक, असं नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फोडलं की तोंड करडं दिसतं, कारण आतला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत वेगळा पडलेला असतो. तेच बीड फार झपाट्यानं गार झालं तर कार्बनला वेगळं व्हायला वेळ मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावतो, तोंड पांढरं पडतं आणि लेथवरचं टूल त्यावर घासून बोथट होतं.