दोन दंडांची भाषा आणि ती वाचणारी साधनं

भजनी मंडळाच्या वहीत ध्रुवपदाच्या शेवटी ॥धृ॥ लिहितात आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ॥१॥, ॥२॥ असे आकडे घालतात. वही लिहिणाऱ्याने संगणक पाहिलेलाही नसतो, पण तो करतो ते काम मार्कअपचंच. गायचा मजकूर वेगळा आणि त्यातला कोणता तुकडा कशासाठी हे सांगणारी खूण वेगळी. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात, आर्वी तालुक्यात, अशा चार वह्या आहेत, तीन खंजिरी भजनाच्या आणि एक खडी गंमत या लोकनाट्याची. मागच्या दिवाळीच्या सुटीत कॉलेजातली दोन मुलं त्या मोबाइलवर नीट दिसाव्यात म्हणून टाइप करायला बसली. पहिल्याच संध्याकाळी एकानं विचारलं, "सर, हे ॥धृ॥ मशीनले कसं समजन?"

नियम लिहून दिले की खुणांचा मजकूर वाचणारा प्रोग्राम बनवून देणारी साधनं असतात. शोधलं की त्यांची नावं भरपूर सापडतात: यॅक, बायसन, अँटलर, लार्क, पेगी. प्रत्येकाची माहिती वाचताना तेच सर्वांत सोपं वाटतं. पण यातलं प्रत्येक साधन कुठल्या तरी विशिष्ट भाषेच्या अडचणीतून जन्मलं आहे. ती अडचण आपल्या वहीला आहे का, हे पाहिल्याशिवाय नवशिक्यानं निवड करू नये असं माझं ठाम मत आहे. म्हणून मुलांना मी आधी ही मागची गोष्ट सांगितली.

मार्कअप हा शब्द छापखान्यातला. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरसाठी संपादक हस्तलिखिताच्या समासात खुणा करायचा: हे शीर्षक, हे ठळक, इथे नवा परिच्छेद. तालुक्याच्या ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका छापून घेताना ज्यांनी कागदावर 'हे मधोमध' असं लिहून दिलं, त्यांनीही तेच केलं. संगणकावर हे काम १९६४ मध्ये आलं. एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी रनऑफ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याचा मुख्य नियम असा की ओळीच्या सुरुवातीला टिंब असेल तर ती आज्ञा, नाहीतर तो मजकूर. पुढे युनिक्सवरच्या रॉफ आणि ट्रॉफ यांनी हीच रीत उचलली. असा नियम पाळणारी भाषा वाचायला कुठलंही मोठं शास्त्र लागत नाही. एकेक ओळ घ्यायची, पहिलं अक्षर पाहायचं आणि ठरवायचं. आज सोप्या मार्कअपचा प्रकल्प हाती घेणाऱ्यानं हे टिंब विसरू नये, कारण पुष्कळ प्रकल्पांचं काम एवढ्यावर भागतं.

१९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी जीएमएल उभी केली. ही भाषा नुसती 'ठळक करा' असं सांगत नव्हती, 'हे शीर्षक आहे' असं सांगत होती. दिसणं नंतर ठरवायचं. आपला ॥धृ॥ नेमका याच जातीचा आहे. तो अक्षराचा आकार सांगत नाही, ओळीचं काम सांगतो. जीएमएलमधून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. त्यात लिहिणाऱ्याला इतक्या सवलती होत्या की सगळ्या नियमांना पुरणारा पार्सर, म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्राम, लिहिणं फार जड गेलं. त्याला छाटून फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल आली.

आता वाचणाऱ्याची बाजू. ती मात्र छापखान्यातून आली नाही, व्याकरणातून आली. जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये प्रोग्रामिंगच्या भाषेचे नियम लिहायची एक पद्धत मांडली आणि अल्गॉल या प्रोग्रामिंग भाषेच्या १९६० च्या अहवालात पीटर नौर यांनी ती सुधारून वापरली. ही पद्धत बीएनएफ (बॅकस-नौर फॉर्म) म्हणून ओळखली जाते. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी एका पत्रातून सुचवलं की हिला पाणिनी-बॅकस फॉर्म म्हणावं, कारण सूत्रांनी भाषा बांधायची रीत पाणिनीने फार पूर्वी सिद्ध केली होती. अष्टाध्यायीतली सुमारे ४००० सूत्रं बीएनएफच्या चौकटीत मावत नाहीत, त्यांची ताकद अधिक आहे. तरी सांगणं रास्त होतं. यॅक असो की लार्क, त्याच्या फाइलीत आपण जे लिहितो ती सूत्रंच असतात.

नियमांना पायऱ्या आहेत हे नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये दाखवलं. ही पायऱ्यांची गोष्ट मुलांना मी ऋद्धपूरवरून समजावली. महानुभाव पंथाचं ते गाव आमच्यापासून फार दूर नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले, म्हणजे मुख्यतः एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर घातलं. किल्ली हातात असली की ती लिपी वाचताना मागे काय येऊन गेलं हे लक्षात ठेवावं लागत नाही. त्याहून एक पायरी वर रेग्युलर एक्स्प्रेशन (थोडक्यात रेगेक्स), म्हणजे मजकुराचा नमुना सांगणारी सूत्रं, येतात. त्यांचं गणित स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात, मज्जापेशींच्या जाळ्याचा विचार करताना मांडलं. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मजकुरात शोध घेण्यासाठी त्याचा उपयोग दाखवला. 'ओळीच्या शेवटी दोन दंड, मध्ये आकडा, पुन्हा दोन दंड' हे रेगेक्स सहज ओळखतं. पण कंसात कंस, त्यात पुन्हा कंस, असं कितीही खोल जाणारं काही आलं की ते थकतं, कारण किती कंस उघडे आहेत हे साठवायला त्याच्याकडे जागा नाही.

ती जागा म्हणजे स्टॅक. जर्मनीत फ्रिडरिश बाउअर आणि क्लाउस सामेल्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस गणिती सूत्रं वाचायला ही युक्ती वापरली आणि तिला नाव दिलं केलर, म्हणजे तळघर. आपल्याकडे पेव म्हणा. पेवात ज्वारीचं जे पोतं शेवटी टाकलं तेच पहिल्यांदा निघतं. कंस उघडला की पेवात टाका, मिटला की वरचा काढा, शेवटी पेव रिकामं असेल तर सगळे कंस जुळले. वाचणाऱ्या साधनांतला खरा फरक इथेच पडतो. आपल्या भाषेला पेव लागतं की नाही?

१९६५ मध्ये डोनल्ड कनूथ यांनी एलआर पद्धत मांडली. डावीकडून उजवीकडे एकदाच वाचायचं, मागे फिरायचं नाही. पण तिचे तक्ते अवाढव्य होत. १९६९ मध्ये फ्रँक डीरेमर यांनी आपल्या प्रबंधात ते आटवले, आणि या आटोपशीर रूपावर बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांचं यॅक उभं राहिलं. त्याचा अहवाल १९७५ चा. त्याच वर्षी माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांचं लेक्स आलं. ते मजकुराचे टोकन, म्हणजे शब्द, आकडा, खूण असे सुटे तुकडे, पाडून देतं. तेव्हाच्या पीडीपी-११ यंत्राचे पत्ते १६ बिटांचे, म्हणजे एका वेळी ६४ किलोबाइट दिसायचे. आज मोबाइलवरचा एक फोटोही त्यात मावत नाही. म्हणून यॅक पुढचं एकच टोकन पाहून निर्णय घेतं. ती त्या काळातल्या जागेची तंगी होती, आणि त्या तंगीत केलेलं काम थक्क करणारं आहे.

यॅकनं मार्कअपचीही सेवा केली. ब्रायन कर्निहन आणि लॉरिंडा चेरी यांनी गणिताची छपाई करण्यासाठी ईक्यूएन ही छोटी भाषा यॅक वापरूनच बनवली आणि १९७५ मध्ये तिचा लेख प्रसिद्ध केला. अपूर्णांकात वर्गमूळ, वर्गमुळात पुन्हा अपूर्णांक. तिथे खोली खरी होती, नियम पक्के होते, म्हणून साधन चपखल बसलं.

मग मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात तारे वगैरे खुणा घालायची आजची लोकप्रिय रीत, वाचायला यॅक का चालत नाही? मुलांचा हा प्रश्न मला फार आवडला. मार्कडाउन २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केलं. ते पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत होतं आणि आत एकामागून एक रेगेक्सच्या अदलाबदली होत्या. लेखी व्याकरण नव्हतंच, प्रोग्राम करेल तो अर्थ. परिच्छेदात एक तारा दिसला तर तो तिरक्या मजकुराची सुरुवात आहे, शेवट आहे की '५*३' मधला गुणाकार आहे, हे पुढचं एक टोकन पाहून कळत नाही. कधी कधी परिच्छेद संपेपर्यंत कळत नाही. शिवाय जोडीदार न मिळालेला तारा इथे चूक ठरत नाही, तो तसाच छापायचा असतो. यॅकसारखी साधनं चुकीचं वाक्य नाकारण्यासाठी बनली आणि या भाषेत चुकीचं असं वाक्यच नाही. नवशिके अशा ठिकाणी 'शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट'च्या (पुढचं टोकन घ्यावं की आधीचा तुकडा मिटवावा हे यॅकला ठरवता येत नाही, अशा) संदेशांत आठवडे घालवतात आणि दोष स्वतःला देतात. तो दोष त्यांचा नसतो.

लेखी व्याकरण नसल्यामुळे एकच फाइल दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिसू लागली. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड आणि इतरांनी कॉमनमार्क आणलं. त्यात ६०० हून अधिक उदाहरणं देऊन प्रत्येकाचं उत्तर ठरवलं आहे. वाचायची जी रीत त्यात सुचवली आहे ती मी मुलांकडून दोनदा वाचून घेतली. आधी ओळीओळीने मोठे तुकडे पाडायचे: परिच्छेद, यादी, शीर्षक. मग प्रत्येक तुकड्याच्या आत जाऊन तारे नि कंस पाहायचे. पहिल्या टप्प्यात १९६४ च्या त्या टिंबाचा वारसा दिसतो, दुसऱ्यात उघड्या ताऱ्यांसाठी छोटंसं पेव आहे.

चुकीशी कसं वागायचं, यावरही दोन घराणी पडली. एक्सएमएलचा नियम असा की रचना मोडली की पार्सरनं थांबायचं. वेबपानांच्या एचटीएमएल ५ या भाषेत उलट, मोडकी फाइलसुद्धा कशी वाचायची हे पायरीपायरीने लिहून दिलं आहे. भजनाच्या वहीत कुणी दंड विसरला म्हणून संध्याकाळचं भजन पडद्यावरून गायब होऊ नये. पण ओळ क्रमांकासकट सूचना मात्र मिळावी. बहुतेक तयार साधनं पहिल्या घराण्यातली आहेत हे निवडताना ध्यानात ठेवावं.

नंतरच्या साधनांनी नवशिक्याची बरीच काळजी घेतली. डेव्हिड बीझली यांचं पीएलवाय, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं लेक्स-यॅक, २००१ मध्ये कंपायलरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठीच झालं. ब्रायन फोर्ड यांनी २००४ मध्ये पेग ही व्याकरण लिहायची रीत मांडली. त्यात पर्याय क्रमाने तपासले जातात आणि जो पहिला जुळला तो पक्का. पायथननेही ३.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, स्वतःची भाषा वाचायला पेग पद्धत घेतली. यात एक सापळा आहे. 'एक दंड' हा पर्याय आधी आणि 'दोन दंड' नंतर लिहिला तर दुसऱ्याची पाळी कधीच येत नाही. लांब खूण आधी, आखूड नंतर. लार्कमध्ये अर्ली यांची १९७० ची पद्धत आहे आणि एलएएलआर, म्हणजे डीरेमर यांचं ते आटोपशीर रूपही आहे. अर्ली सावकाश चालते, पण संदिग्ध व्याकरणही स्वीकारते, आणि काहीशे ओळींच्या वहीला वेग कमी पडत नाही.

ही सगळी साधनं इंग्रजी अक्षरांच्या जगात घडली, आणि आमचा पहिला खरा अडथळा तिथेच आला. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये 'शब्दातलं अक्षर' ही खूण मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. 'कापूस' दिला तर क, प, स असे तीन तुकडे हातात येतात. म्हणून शब्द कशाने बनतो हे सांगायच्या भानगडीत न पडता, शब्द कुठे तुटतो तेवढं सांगावं: मोकळी जागा, दंड, तारा. दुसरं म्हणजे दंडच तीन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी ॥ असा एकसंध, कुणी ।। असे दोन सुटे, तर कुणी कीबोर्डवरच्या || या उभ्या रेघा. धृ आणि ध्रु दोन्ही येतात, आकडे कधी मराठी तर कधी इंग्रजी. 'शेतकऱ्या' मधला 'ऱ्या' हा जोड दोन वेगळ्या सांकेतिक रूपांत साठवता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, पण तुलना केली की वेगळे. व्याकरणाच्या आधी हे सगळं एका रूपात आणणारी चाळणी लावावीच लागते, आणि ती कुठलंही पार्सर-साधन आयती देत नाही.

मुलांनी शेवटी साधन घेतलंच नाही. चाळणी, मग ओळीओळीचा फेरा, मग शेवटचे दंड ओळखणारं एक रेगेक्स. पायथनच्या साठेक ओळी झाल्या. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राही, नेट लागत नसे. कॉमनमार्कवरून धडा घेऊन त्यांनी उदाहरणांची एक फाइल मात्र आधी बनवली. डाव्या बाजूला वहीतली ओळ, उजव्या बाजूला तिचं अपेक्षित रूप, अशी चाळीस उदाहरणं. कुठलीही दुरुस्ती केली की ती चाळीसच्या चाळीस तपासायची.

चौथी वही उघडल्यावर गणित बदललं. ती भंडाऱ्याकडून आलेली, खडी गंमतीची. शाहीर गात असतो, मध्येच सोंगाड्या बोलतो, त्याच्या बोलण्यात तो दुसऱ्याच गाण्याची ओळ म्हणतो, मग संवाद पुन्हा सुरू होतो आणि शेवटी शाहीर आपल्या अर्ध्या राहिलेल्या कडव्यावर परततो. गाण्यात संवाद, संवादात गाणं. इथे ओळीचं शेवटचं अक्षर पाहून भागत नाही, कोण कुठे थांबला होता हे साठवावं लागतं. मुलांनी त्या वहीसाठी लार्कची फाइल उघडली आहे. पहिलं सूत्र लिहून झालं: 'गंमत' म्हणजे कडवी किंवा संवाद, आणि संवादात पुन्हा कडवी चालतील.