आदित्य जिथे फिरतो, तिथे गुरुत्वाकर्षण संपत नाही

‘सूर्य आणि पृथ्वी यांची ओढ जिथे सारखी होते, तिथे आदित्य एल-१ उभं आहे,’ हे वाक्य सूर्याचा अभ्यास करणाऱ्या या भारतीय यानाबद्दल सगळ्यांना पाठ झालंय. ते चूक आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेत नववीच्या मुलांशी बोलताना मी ते फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, पडताळून बघा. सूर्य पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट जड. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून त्याचं वर्गमूळ काढायचं: साधारण ५७७. सूर्य-पृथ्वी अंतराला, म्हणजे पंधरा कोटी किलोमीटरला त्याने भागलं की ओढ सारखी होण्याची जागा येते पृथ्वीपासून २ लाख ६० हजार किलोमीटरवर. पहिल्या बाकावरची मुलगी आकड्याकडे बघत म्हणाली, “सर, हे तर चंद्राच्याही अलीकडे आलं!”

अगदी बरोबर. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि आदित्य १५ लाखांवर. तिथे सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या चौतीसएक पट भरते. तरी यान सूर्याकडे का जात नाही?

कारण ते फिरतंय. सूर्यापासून जितकं जवळ, तितकी फेरी लवकर पुरी होते. पृथ्वीपेक्षा एक टक्का जवळ असलेलं यान एकटंच असतं, तर त्याचं वर्ष सुमारे ३६० दिवसांचं झालं असतं आणि ते आपल्याला मागे टाकून पुढे निघून गेलं असतं. पृथ्वी त्याला बाहेरच्या बाजूला ओढते, सूर्याचा जोर तेवढा कमी पडतो आणि फेरीला पृथ्वीइतकेच ३६५ दिवस लागतात. हे गणित मला आजही विलक्षण सुंदर वाटतं.

तीन वस्तू एकमेकींना ओढत असतील, तर त्यांच्या वाटा सांगणारं साधं सूत्र नाही. म्हणून गणितज्ञांनी एक सवलत घेतली: दोन वस्तू जड, तिसरी इतकी हलकी की तिची ओढ हिशेबात धरायचीच नाही. जड जोडी वर्तुळात फिरते, प्रश्न फक्त तिसरीचा. हाच मर्यादित त्रिपिंड प्रश्न. दीड टनाच्या आदित्यला ही सवलत चपखल बसते. जिथे तिसरी वस्तू जोडीबरोबरच फिरत राहते अशी, जड जोडीच्या रेषेवरची तीन समतोल स्थानं गणितज्ञ ऑयलरने शोधली (एल-१ हे त्यांतलंच एक), समभुज त्रिकोणाच्या टोकांवरची दोन लाग्रांजने १७७२ मध्ये. गुरूच्या कक्षेत अशा टोकाजवळ राहणारा अकिलीस हा लघुग्रह १९०६ मध्ये सापडला.

एवढी सवलत घेऊनही प्रश्न सुटला नाही. स्वीडनच्या राजाच्या स्पर्धेत फ्रेंच गणितज्ञ पॉंकारेला १८८९ मध्ये बक्षीस मिळालं ते याच विषयावर, पण छपाई चालू असताना त्याला स्वतःच्या प्रबंधात मोठी चूक सापडली. नव्या छपाईचा खर्च त्याने स्वतः दिला, तो बक्षिसाहून जास्त होता. दुरुस्ती करताना त्याला दिसलं की सुरुवातीतला नगण्य फरक पुढे वाट पार बदलून टाकू शकतो. पुढे केऑस म्हणून वाढलेल्या शास्त्राचं हे मूळ. त्या चुकीइतकी फलदायी चूक गणितात क्वचितच झाली असेल.

एल-१ चा समतोलही असाच नाजूक आहे. यान जरा सरकलं की सरकतच जातं. शिवाय नेमक्या त्या बिंदूवर राहिलं तर पृथ्वीवरच्या अँटेनाला मागचा सूर्यच जास्त ऐकू येईल. म्हणून आदित्य बिंदूभोवती मोठ्या प्रभामंडल कक्षेत (हेलो ऑर्बिट) फिरतो. ६ जानेवारी २०२४ ला तो तिथे शिरला. पहिली फेरी १७८ दिवसांची झाली आणि त्यात तीनदा इंजिनं चालवून वाट सुधारावी लागली: २२ फेब्रुवारीला, ७ जूनला आणि २ जुलैला.